वहिनींची चपराक

"हात गालाजवळून नुसता न्यायचा, वहिनी, आणि त्याच क्षणी पाय आपटायचा. आवाज पायाचा असतो, लोकांना वाटतो गालाचा."

स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीला सरकवून कर्दनकाळ आपल्या दोस्ताच्या बायकोला खोटी थप्पड शिकवत होता. कुस्तीच्या पोस्टरवर तो कर्दनकाळ, आणि हा दोस्त, वादळ, त्याचा हाडवैरी. या घरात मात्र भाऊजी. वादळच्या पोरी त्याच्या खांद्यावर बसून लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. बाहेर दोघांनी एकमेकांकडे बघायचंसुद्धा नाही हा धंद्याचा नियम, म्हणून तो कायम मागच्या दाराने यायचा. आजही तसाच आला आणि बूट काढता काढता दारातच रडला.

वादळ जाऊन महिना होत आला होता. कर्दनकाळने त्याला उचलून आदळायचा नेहमीचाच डाव, पण पडताना डोकं आधी टेकलं. हॉस्पिटलमध्ये डोळे उघडे होते, वाचा गेली होती. आता कुस्त्या भरवणाऱ्या मालकाने त्याच्या आठवणीत खेळ ठेवला होता. शेवटी वहिनींनी रिंगमध्ये येऊन कर्दनकाळच्या मुस्काटात मारायची, म्हणजे लोकांचं मन हलकं होईल. वहिनी पटकन हो म्हणाल्या, याचंच त्याला नवल वाटलं होतं.

"खरंच लागतंय हे तुम्हाला आत कळतं कसं, भाऊजी?" वहिनींनी विचारलं.

त्याने त्यांचा हात हातात घेऊन दाखवलं. उचलायच्या आधी जोडीदाराचा हात धरायचा. त्याने एकदा दाबला की ठीक आहे, उचल. दोनदा दाबला की थांब, काहीतरी बिनसलंय. बघणाऱ्याला वाटतं झटापट चाललीय. हे सगळं लुटुपुटूचं ना, असं कुणी विचारलं की वादळ हसायचा. मार खोटा असतो, भरवसा खरा असतो, म्हणायचा.

"आणि त्या दिवशी?"

"एकदाच दाबला, वहिनी. नाहीतर मी उचललं असतं का त्याला?"

वहिनींनी हात सोडवून घेतला आणि टेबल पुन्हा जागेवर ओढलं. "शेवटी माझाही हात धरून होते," त्या म्हणाल्या. "सारखा दाबायचे. मला वाटलं, धीर देतायत."

त्याला भडभडून आलं. चहा न घेताच तो निघाला.

खेळाच्या संध्याकाळी हॉल खच्चून भरला होता. लोकांनी कर्दनकाळला शिव्यांची लाखोली वाहिली. तो छाती काढून गुर्मीत उभा राहिला, भूमिकाच ती होती. दोस्ताच्या आठवणीने आतून मात्र जीव तुटत होता.

वहिनी दोरांमधून आत आल्या. त्यांनी हात उगारला. पाय आपटलाच नाही. आवाज गालाचाच होता.

गडबडल्या बिचाऱ्या, असं त्याच्या मनात आलं. ठरल्याप्रमाणे तो गुडघ्यांवर कोसळला. वहिनी वाकल्या आणि त्यांनी त्याचा हात धरला. हे ठरलेलं नव्हतं. त्या माफ करतायत असं लोकांना वाटलं. त्यालाही वाटलं.

वहिनींनी हात दाबला. जरा थांबून पुन्हा दाबला.

"हे असं करायचे," त्या त्याच्या कानाशी म्हणाल्या. "प्रत्येक वेळी, असंच."

हॉल उभा राहून ओरडत होता. त्या दिवशीही असाच ओरडत होता, आणि त्या ओरडण्यासाठीच त्याने दोनदा दाबलेला हात सोडून वादळला डोक्यावर उचललं होतं.