पहिला फोटो सासूला

फोटो सजवून देतं म्हणून फेसबुकवर दिसलेलं एक ॲप अनुपमानं मोबाइलमध्ये घेतलं होतं. त्यातून तिचे फोटो आणि घरच्यांचे नंबर कुणाच्या तरी हाती लागले. आज सकाळी तिला एक नागडा फोटो आला. अंग दुसऱ्याच बाईचं, चेहरा तिचा. खाली लिहिलं होतं, ‘दुपारपर्यंत पैसे पाठव. नाहीतर पहिला फोटो सासूला.’

पिंपळगाव राजा या गावच्या मळ्यात ती सासू पुष्पाबाईंच्या शेजारीच मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. ऊन डोक्यावर आलं आणि पुष्पाबाईंचा फोन वाजला. पदराला हात पुसून त्या बराच वेळ फोनकडे पाहत राहिल्या. अनुपमाच्या हातातली मेथी खाली सांडली.

“आई, ते मी नाही,” ती कशीबशी म्हणाली.

“माहीत आहे मले. मले त कालपासूनच धाडून राह्यला तो, तू घाबरशीन म्हणून बोलली नाही. हात धू, खामगावले पोलिसात जाऊन येऊ.”

पुष्पाबाईंनी फोन तिच्यापुढे धरला. कालच्या फोटोखाली त्यांनी उत्तर लिहिलं होतं, ‘हे माही पोरगी आहे. तुह्या मायचा नंबर दे, मले तिच्यासंग बोलाचं आहे.’