कानस

काचेच्या खिडकीतली निळी ज्योत थरथरली, डावीकडे कलली आणि विझली. सकाळपासून तिसऱ्यांदा. आज संध्याकाळपर्यंत ती कमी इंधनावर टिकली नाही, तर अकरा वर्षांचा टर्बाइन प्रकल्प बंद, असं वरून पत्रच आलं होतं.

प्रकल्पप्रमुख वसुधाला काही उमगेना. ज्योतीला हवेच्या भोवऱ्यात धरून ठेवणारी पात्यांची चकती नवी होती, पण अगदी ड्रॉइंगप्रमाणे, केसभरही फरक नाही. जुनी झिजली म्हणून तिनेच सही करून भंगारात दिली होती. जुनीवर मात्र, सुरुवातीचे दिवस सोडले तर, ज्योत कधी विझली नव्हती.

शेवटी तिने निवृत्त फिटर सोनकुसरेकाकांना बोलावून घेतलं. त्यांनी चकती उलटसुलट पाहिली.

"ही कोरीच आहे की! जुनीच्या पात्यांना मी कानस मारली होती."

"मला न सांगता?"

"सांगितलं होतं, मॅडम. तुम्ही म्हणालात, ड्रॉइंगबाहेर गेलात तर घरी पाठवीन. मग जेवणाच्या सुट्टीत घासली. ज्योत टिकली, तुमचा सत्कार झाला, पेढे मीही खाल्ले."

वसुधाने मान खाली घातली. कपाटातून त्यांचीच कानस काढून पुढे ठेवली. "किती घासायची, काका? कुठल्या कडेला?"

"ते डोक्याला कधी कळलंच नाही. हाताला कळायचं."

काकांनी कानस उचलली. पात्यावर टेकताच ती टकटक वाजू लागली. त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट घट्ट धरलं, तर तोही हात थरथरत होता.

वसुधाने वर आपला हात ठेवला. तीन हात झाले, पण कानस काही थांबेना.