परवाना एकाचाच

संगणकात विंडोज नव्याने टाकल्यापासून अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर शिवलिंगअप्पांना ओळखच देईना, आणि लेकीची लग्नपत्रिका त्यातच अडकलेली. दुरुस्तीवाल्या अमरेशने लबाडी केली असावी, हा संशय त्यांना सोडत नव्हता. लातुरातल्या आपल्या छापखान्याला आतून कडी घालून त्यांनी भरदुपारी नांदेडच्या विक्रेत्याला फोन लावला आणि परवाना पुन्हा चालू करण्यासाठी पडद्यावरचे आकडे वाचायला घेतले.

“अप्पा, दोघं मिळून काय बोलून राहिलात?” विक्रेत्याकडे फोन घेणारी मंजुश्री हसली. “परवाना एकाचाच हाय. एकानंच सांगा की.”

“दुसरं कोणी न्हाई, बाई. मी एकलाच हाय.”

“थट्टा करता व्हय? आवाज दोघांचा एकच, आकडे तेवढे वेगळे.”

अप्पांनी दाराकडे पाहिले. कडी जागेवर होती. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

“हां, आता कसं नीट ऐकू येतंय! सांगा पुढचे.” पलीकडे कळफलक वाजत राहिला. “जुळला नंबर, अप्पा.”

अप्पांनी शब्दही उच्चारला नव्हता. समोरच्या पडद्यावर अडकलेली पत्रिका आपोआप उघडली.

“आता तेवढं त्या मधेमधे बोलणाऱ्याला बाहेर काढा,” मंजुश्री म्हणाली.

अप्पांच्या पाठीमागून, अप्पांच्याच आवाजात उत्तर आले, “हाव, काढतो.”