तळ्याची देखभाल

घराची दुरुस्ती होईपर्यंत, फार तर तीन महिने, म्हणून निवृत्त ओव्हरसियर वृद्धनिवासात राहायला आले होते. तेवढ्या अवधीत त्यांनी तिथल्या बागेत तळे रीतसर बांधून घेतले. पाणी भरल्यावर आठ दिवस रोज सकाळी काठावरची पेन्सिलची खूण स्वतः पाहिली. गळती सूतभरही नव्हती. मग देखभालीचे वेळापत्रक सुवाच्य अक्षरांत लिहून त्यांनी ते व्यवस्थापक बाईंपुढे ठेवले.

"पुढच्या आठवड्यात मी घरी जाणार. माझ्यामागे कोणाचे अडायला नको."

"घरी? गंमत करताय का काका? तुमच्या मुलाने तर खोली कायमची घेतली आहे."

"तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. कालच बोललो आम्ही. तळ्याचीच चौकशी करत होता. म्हणाला, घाई करू नका बाबा, सावकाश होऊ दे."

"करणारच हो! तळ्याची कल्पना त्यांचीच ना," बाई कौतुकाने हसल्या. "म्हणाले, बाबांच्या हाती एखादं बांधकाम द्या, म्हणजे घरी कधी नेतोस, असं ते विचारणार नाहीत."

तीन महिन्यांत त्यांनी खरोखरच एकदाही विचारले नव्हते.