पालुपद नसलेली गाणी

विल्फने हेटीला जिन्यातच अडवलं. पबच्या माडीवर दर बुधवारी लोकगीतांचा क्लब भरायचा आणि कोण काय म्हणणार ते विल्फ ठरवायचा. आजच्या यादीत हेटीच्या नावापुढे त्याने प्रश्नचिन्ह काढलं होतं.

"आज दोराचं गाणं म्हणायचं, हेटी. पाच महिने नुसती नवी गाणी ऐकवतेयस."

"एक जुनं, एक नवं, हा तुझाच नियम ना? जुनं दुसरं कुठलंही म्हणते की."

"दुसरं हवंय कुणाला? आणि तुझ्या नव्या गाण्यांना साधं पालुपदसुद्धा नसतं! माणसं बिअर समोर ठेवून तोंड मिटून बसतात, प्रवचनाला बसल्यासारखी. दोराचं म्हणणार असशील तर नाव ठेवतो. नाहीतर खोडतो."

विल्फ वाईट माणूस नव्हता. खुर्च्या रिकाम्या दिसल्या की त्याचं डोकं फिरायचं, इतकंच.

नाव खोडलं म्हणजे बुधवार गेला. मग आठवडाभर हेटीशी बोलणार कोण? मांजर होतं, पण तेही शेजारणीचं. नवरा जानेवारीत गेल्यापासून तिच्या घरात किटलीखेरीज कुणी आवाज करत नव्हतं.

"ठेव नाव," ती म्हणाली.

तिचं नाव आणि दोराचं गाणं पुकारताच टाळ्यांचा कडकडाट झाला. नव्या गाण्यांना असा कधी झाला नव्हता.

"आली बाई ताळ्यावर!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

हेटीने डोळे मिटून पहिलं कडवं म्हटलं. पालुपद आलं आणि अख्ख्या माडीने झील धरली. बूट फळ्यांवर आपटू लागले.

"भरती चढली, रात पडली, दोर ओढेल कोण?"

आणि सवयीने सगळे थांबले.

उत्तर खिडकीजवळून यायचं. हेटीचा नवरा ॲलेक तिथे बसायचा. त्याला कुणी गायक म्हटलं नसतं. दुसरी एकही ओळ त्याला सुरात म्हणता यायची नाही. पण तीस वर्षं हे तीन शब्द त्याचे होते. खर्जात, अगदी सावकाश: "मी आहे ना!"

आज त्याच्या खुर्चीवर कुणाचा तरी कोट पडला होता.

ॲलेकला जेवढा वेळ लागायचा, तेवढा हेटी थांबली. मग तिने दुसरं कडवं घेतलं. या वेळी बूट वाजले नाहीत. तिसऱ्या पालुपदाला चार-पाच आवाज उरले. चौथ्याला हेटीने एकटीने विचारलं, "दोर ओढेल कोण?" आणि पुन्हा तेवढीच थांबली.

गाण्याला नऊ कडवी होती.

विल्फ उठून उभा राहिला. हातातल्या यादीची त्याने पार सुरळी केली होती.

"बस कर, हेटी," तो कसाबसा म्हणाला. "तुझं नवं म्हण. जे हवं ते म्हण."

हेटीने नवं गाणं सुरू केलं. सगळे तोंड मिटून ऐकत राहिले. त्या गाण्याला पालुपद नव्हतं. त्यात कुणाला काही विचारलेलं नव्हतं.