पिवळी चिमणी

वर घर, खाली दुकान आणि बाजारपेठ चार पावलांवर. शंभर वर्षांच्या या गल्लीत जागा मिळाल्यापासून मी हवेतच होतो. आयुष्यभर लोकांच्या पाट्या रंगवल्या, आज पहिल्यांदा स्वतःची रंगवणार होतो.

"कोपऱ्यात एक पिवळी चिमणी काढतो," सकाळी बायकोला म्हणालो.

"काढा हो, पण आधी चहा घ्या," ती हसली.

दारावरची जुनी पाटी मी खरवडायला घेतली. हिरवा थर गेला, त्याखालचा लाल गेला, मग निळाही. अगदी तळाशी, लाकडावर, कोपऱ्यात पिवळी चिमणी निघाली. शेपटीचा फटकारा थेट माझ्या हातचा.

"अगं, खाली ये, गंमत बघ," हाक मारत मी चिमणीवरून बोट फिरवलं.

बोट ओलं, पिवळं झालं.

माझा पिवळ्या रंगाचा डबा अजून उघडायचा होता.