दोष आढळला नाही

एकोणचाळीस पंपघरांपैकी अडतीस पडद्यावर हिरवी झाली. सतरा नंबर लालच राहिलं.

तिने पुन्हा व्हायरसची तपासणी लावली. पुन्हा तीच त्रुटी: यंत्र उत्तर देत नाही. पण यंत्र चालू होतं. नुसती हाक मारली की चार मिलिसेकंदांत ओ देत होतं. पासवर्ड बरोबर होता. केबल ठीक होती. तिने जुन्या नोंदी काढल्या. सात मंगळवार, सातही वेळा हीच त्रुटी, आणि ती फक्त तपासणीच्या वेळी, सकाळी अकराला. यंत्रं अशी वार आणि वेळ बघून रुसत नाहीत.

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. व्हायरसच्या भीतीने आजच वरून नवा हुकूम आला होता, तपासणी न झालेलं केंद्र बारा वाजता नेटवर्कमधून तोडायचं. तिने फोन लावला.

"पंपघर सतरा."

"काका, संगणक विभागातून बोलतेय. तुमचं यंत्र आम्हाला आत घेत नाहीये."

"यंत्राचा काही दोष नाही. मीच घेत नाही."

"म्हणजे?"

"भाच्याने शिकवलंय. मंगळवारी अकराला फायरवॉल लावायची, साडेअकराला काढायची. रक्तदाबाची गोळी एखादे दिवशी चुकेल, हे चुकत नाही."

"पण का?"

"तुमची तपासणी सुरू झाली की माझा पडदा गोठतो. पाच-सहा मिनिटं. टाकीत पाणी चढत असतं आणि इथला आकडा जागचा हलत नाही. मागे अशीच टाकी वाहिली, खालच्या घराची भिंत पडली. मी कानीकपाळी ओरडलो, पडदा गोठला होता म्हणून. तुमच्या विभागाने लिहून दिलं, दोष आढळला नाही. खापर माझ्या माथी. निवृत्तीला चार महिने राहिलेत, आणि पुढच्या आठवड्यात चौकशी. त्या एका कागदावर घरी पाठवतील मला."

तो कागद तिने लिहिला होता. ह्याच खुर्चीत बसून, दुपारी चार वाजता. चारला यंत्र उत्तम चालत होतं.

"ऐकताय ना, ताई?"

"ऐकतेय. काका, बाराला तुमचं केंद्र तोडतील. मग पडदा कायमचाच गेला. फायरवॉल काढा, मी आत्ता तपासते."

"पंप चालू आहे."

"बंद करून ठेवा तोवर."

"साडेअकराला पाणी सुटतं. तोवर टाकी भरली नाही तर टेकडीवरच्या घरांना आज पाणी नाही. हे तुम्ही सांगायला जाणार का त्यांना?"

ती पेनाचं टोपण उघडत-मिटत राहिली.

"असं करू," शेवटी काकाच म्हणाले. "फायरवॉल काढतो, मग फोन घेऊन टाकीवर चढतो आणि डोळ्यांनी बघून आकडे सांगतो. पंपाचं बटणही पडद्यातच आहे, तो गोठला की तेही गोठतं. त्यामुळे मी थांबा म्हटलं की थांबायचं. पाणी चार मीटर वीसला पोचलं की टाकी वाहते. ब्रेक तुमच्या पायाखाली."

"उतरायला किती वेळ लागेल?"

"गुडघ्यांना विचारून सांगतो."

लोखंडी शिडीवर चपला वाजत गेल्या. मग वारा ऐकू आला.

"तीन ऐंशी. करा सुरू."

पट्टी सरकू लागली. दहा टक्के. बावीस.

"तीन पंच्याऐंशी."

सहा मिनिटं झाली तेव्हा पट्टी अडुसष्टवर होती. सात आठवड्यांचं काम तुंबलं होतं. आज वेळ जास्त लागणार, हे तिच्या आधीच लक्षात यायला हवं होतं. ती खुर्चीतून उठली, पुन्हा बसली.

"चार शून्य. चार दोन. ताई, झालं का?"

"होतंय."

"तुमचं होतंय, इथे पाण्याचंही होतंय. चार सहा."

ऐंशी टक्के. अजून दोन मिनिटं. पूर्ण झाली तर सतरा नंबर हिरवं होईल, त्रुटीचं कारण लिहायचा रकाना उघडणारच नाही, आणि जुना कागद कुणी पुन्हा हातात घेणार नाही.

"चार दहा. थांबवा."

एक्क्याऐंशी.

"ताई, थांबवा म्हणतोय!"

तिने तपासणी थांबवली. सतरा नंबर लालच राहिलं. फोनमधून शिडीवरच्या चपला ऐकू आल्या, भराभर, मध्येच एक घसरल्यासारखी. मग धापा, मग पंपाची घरघर मंदावत बंद पडली.

"बंद झाला," काका म्हणाले. "पडदा आला. थोडक्यात वाचलो. आता तोडणार ना मला?"

"थांबा जरा. फोन ठेवू नका."

त्रुटीच्या कारणाचा रकाना समोर उघडला होता. तिने लिहिलं: तपासणी चालू असताना केंद्राचा पडदा व पंपाचं बटण गोठतं. आज प्रत्यक्ष खात्री केली. केंद्र तोडू नये. पंप बंद असताना, दुपारी तीनला तपासणी करावी. आधीचा अहवाल चुकीचा आहे. चौकशीला प्रत.

विभागप्रमुख तिच्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"आधीचा अहवाल म्हणजे तुझाच की."

"हो, सर."

"हात दाखवून अवलक्षण. पाठवलंस की मागे घेता येत नाही, माहीत आहे ना?"

तिने पाठवलं. "तीनपर्यंत थांबवतो," म्हणत ते घड्याळ बघत आपल्या खोलीत गेले.

तिने फोन कानाला लावला. "काका, तोडणार नाहीत. निदान तीनपर्यंत तरी नाही."

"बरं झालं, बाई."

"आणि ते 'दोष आढळला नाही'... ते मी लिहिलं होतं."

पंपघरातला पंखा तेवढा करकरत होता. तिने फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"चार नऊ," काका म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "चार आठ. उतरतंय."